एका गाण्याचे दोन डॉलर

आठवड्याला तीन गाणी, आणि एका गाण्याचे एक किंवा दोन डॉलर. गाणं दिलं, पैसे घेतले, विषय संपला. पुढे ते हजार पुस्तकांत छापलं जावो नाहीतर लाखभर, लिहिणारीला त्यातला छदामही मिळायचा नाही. फॅनी क्रॉस्बी ही न्यूयॉर्कमधली अंध बाई वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी या कामाला लागली आणि मरेपर्यंत आठ हजारांच्या वर ख्रिस्ती भक्तिगीतं लिहून गेली. जगात जिथे जिथे प्रोटेस्टंट चर्च आहे तिथे तिची निदान दोन-चार गाणी म्हटली जातात. म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा तिचं नावही माहीत नसतं.

तिची ओळख दोन शब्दांत करून दिली जाते: भक्तिगीतांची रचनाकार आणि समाजसुधारक. दोन्ही शब्द जरा फसवे आहेत. रचनाकार म्हटलं की आपल्याला चाल बांधणारी वाटते. फॅनी पियानो, ऑर्गन, हार्प आणि गिटार वाजवायची, गळाही गोड होता, पण तिच्या गाण्यांच्या चाली बहुतेक दुसऱ्यांच्या आहेत. तिचे ते शब्द. आणि सुधारक म्हणावं तर तिच्या नावावर ना एखादा कायदा आहे, ना तिने काढलेली संस्था. मग तिने नेमकं केलं काय? ते कळायला आधी त्या काळी ही गाणी कशी तयार व्हायची आणि कुठे वापरली जायची, ते पाहावं लागतं.

फॅनीचा जन्म २४ मार्च १८२० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या पुटनम काउंटीतल्या एका खेड्यातला. दीड महिन्याची असताना तिला सर्दी झाली, डोळे सुजले. गावचा नेहमीचा डॉक्टर जागेवर नव्हता. डॉक्टर म्हणवणाऱ्या कुणा माणसाने डोळ्यांवर मोहरीचं गरम पोटीस बांधायला सांगितलं, आणि दृष्टी गेली. निदान घरच्यांची आणि तिची स्वतःची समजूत हीच होती. अंधत्व जन्मतःच असावं आणि त्या आजारपणात ते फक्त लक्षात आलं, असा तर्क आजचे काही डॉक्टर करतात. वर्षाच्या आतच वडील वारले. आई लोकांच्या घरी कामाला जाऊ लागली आणि पोर आजीच्या पदराखाली वाढली.

ही आजी, युनिस क्रॉस्बी, या गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी व्यक्ती. तिने नातीला रानात नेलं, पानं हातात दिली, पक्षी आवाजावरून ओळखायला शिकवलं आणि सूर्यास्ताचे रंग शब्दांत सांगितले. बायबल वाचून दाखवून पाठ करून घेण्याचं वळणही तिनेच लावलं. पुढे घरमालकीणबाईंनी ते काम हाती घेतलं, तेव्हा आठवड्याला पाच अध्याय असा नेम होता. पंधराव्या वर्षापर्यंत चारही शुभवर्तमानं, मोशेचे पाच ग्रंथ, नीतिसूत्रं आणि कितीतरी स्तोत्रं मुलीला तोंडपाठ होती. ओव्या-अभंग मुखोद्गत असलेल्या आजीच्या हाताखाली वाढलेल्यांना हे शिक्षण काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. पुढे तिच्या गाण्यांत बायबलातले शब्द सहज येऊन बसतात ते याच पाठांतरामुळे. आठव्या वर्षी तिने पहिली कविता केली. तिचा आशय असा: मला दिसत नाही, तरी मी सुखी आहे, आणि या जगात सुखानेच राहायचं मी ठरवलंय.

१८३५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या अंधशाळेत दाखल झाली. शाळा उघडून जेमतेम तीन वर्षं झाली होती. ब्रेलची लिपी फ्रान्समध्ये तयार झाली होती, पण अमेरिकेत अजून पोचलेली नव्हती. मुलं शिकायची ती ऐकून आणि उठावाची अक्षरं बोटांनी चाचपून. अंधांना शिकवून काय उपयोग, असं विचारणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. त्यांना उत्तर म्हणून शाळा आपली हुशार मुलं पाहुण्यांसमोर उभी करायची. फॅनी या कामात हुकमी एक्का. राष्ट्राध्यक्ष, सेनापती, गायिका, कुणीही आलं की तिने स्वागताची कविता म्हणायची. मध्यंतरी हिच्या डोक्यात हवा जाते आहे असं वाटून शाळेच्या प्रमुखांनी तिला काही काळ कविता करायला बंदीच केली. मग जॉर्ज कोम्ब नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ शाळेत आले. डोक्याची उंचसखल ठेवण चाचपून स्वभाव सांगण्याचं जे शास्त्र तेव्हा बोकाळलं होतं, त्याचे ते पंडित. त्यांनी हिचं डोकं चाचपलं आणि ही कवयित्री आहे, हिला प्रोत्साहन द्या, असं जाहीर केलं. बंदी उठली! खोट्या शास्त्राने दिलेला इतका खरा निकाल विरळाच.

तिच्या सुधारकीची सुरुवात इथून धरायला हवी. १८४३ साली शाळेतर्फे अंधांच्या शिक्षणासाठी सरकारी मदत मागायला काही जण वॉशिंग्टनला गेले, त्यांत ती होती. तिथे तिने आपली कविता म्हटली, आणि अमेरिकी सिनेटमध्ये बोललेली पहिली स्त्री ती, असं तिच्या चरित्रांत लिहिलेलं असतं. बायकांना मताचा अधिकार मिळायला तेव्हा पाऊण शतकाहून जास्त अवकाश होता. आठ वर्षं विद्यार्थिनी म्हणून काढल्यावर ती तिथेच राहिली आणि १८४७ पासून अकरा वर्षं तिने व्याकरण, अलंकारशास्त्र आणि इतिहास शिकवला. सतरा वर्षांचा एक पोरगा तिथे मदतनीस म्हणून लागला होता. तो फावल्या वेळात तिच्या कविता उतरवून घ्यायचा. त्याचं नाव ग्रोव्हर क्लीव्हलँड. पुढे तो दोनदा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

१८४९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये पटकीची साथ आली. पळून जाणं शक्य असूनही ती शाळेत राहिली आणि आजाऱ्यांची शुश्रूषा केली. शाळेतली मुलं तिच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत म्हणू, गेली. त्या धक्क्यातून ती बराच काळ सावरली नाही. १८५० च्या नोव्हेंबरात एका मेथडिस्ट प्रार्थनासभेत जुनं भक्तिगीत गायलं जात असताना आतून काहीतरी उजळल्यासारखं झालं, असं ती पुढे सांगायची. श्रद्धाळू ती आधीही होती. पण आपल्या आयुष्याचे ती दोन भाग पाडायची, ते त्या संध्याकाळपासून.

तरी गाणी लिहायला तिने सुरुवात केली ती भक्तीची नव्हेत, बाजारातली. जॉर्ज रूट या संगीतकारासाठी तिने १८५० च्या दशकात लोकप्रिय गाणी लिहिली. त्यांतल्या एका गाण्यावर रूटने सुमारे तीन हजार डॉलर कमावले असं सांगतात. शब्दांचे तिला मिळाले एक-दोन डॉलर. धंद्याची रीतच तशी होती. चालीवर मानधन चालू राहायचं, शब्द एकरकमी विकत घेतले जायचे.

१८५८ मध्ये तिने अलेक्झांडर व्हॅन अल्स्टाइन या अंध संगीतकाराशी लग्न केलं. तोही त्याच शाळेतला. तू आपल्या माहेरच्या नावानेच लिही, असा आग्रह त्याचाच होता. वर्षभरात मूल झालं आणि लवकरच गेलं. त्याबद्दल ती आयुष्यभर जवळजवळ बोलली नाही. उतारवयात नवरा-बायको वेगळे राहू लागले, भांडण मात्र नव्हतं.

१८६४ च्या फेब्रुवारीत विल्यम ब्रॅडबरी या संगीतकार-प्रकाशकाने तिला पहिल्यांदा भक्तिगीत लिहायला सांगितलं. तो १८६८ मध्ये वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला तिचं हेच पहिलं गीत गायलं गेलं. पुढे त्याची पेढी ‘बिग्लो अँड मेन’ झाली आणि हिचा रतीब चालू राहिला.

इथे थोडं थांबून या गाण्यांची घडण पाहू. जुनं इंग्रजी भक्तिगीत म्हणजे मोजून अक्षरांच्या चार ओळी, आठ-सहा-आठ-सहा अशा. एका मापाचं कुठलंही गीत त्याच मापाच्या कुठल्याही चालीत म्हणता यायचं. आपली ओवी जशी दहा बायका दहा चालींत म्हणतात, साधारण तसंच. फॅनीच्या काळात नवा प्रकार आला, त्याला गॉस्पेल गीत म्हणतात. त्यात कडव्यांमागे ठसठशीत पालुपद आलं आणि शब्द नि चाल एकमेकांना बांधली गेली. देव थोर आहे असं सांगणारा दूरचा सूर जाऊन तिथे ‘मी’ आला: मी हरवलो होतो, मला शोधलं, मला हाक मारली. वाचता न येणारा माणूस पहिल्या कडव्याला गप्प बसेल, पण दुसऱ्या पालुपदाला तोंड उघडेल अशी ही रचना. संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मशाळेच्या, मुलांसाठी ती जन्मली आणि मूडी आणि सँकी या अमेरिकी धर्मप्रचारकांच्या जोडीच्या प्रचंड सभांनी ती घरोघर नेली. मूडी प्रवचन करायचे, सँकी गायचे.

टीकाकारांना ही गाणी गोग्गोड वाटायची, आजही वाटतात. ते अगदीच चूक नाही. आठ हजारांतली पुष्कळशी एकमेकींसारखी आहेत, यमकं ठरलेली आणि उपमा घासून गुळगुळीत झालेल्या. आठवड्याला तीनच्या दराने दुसरं काय होणार? तिला स्वतःलाही याची कल्पना असावी, कारण आपण कवितेतल्या थोरांपैकी आहोत असा दावा तिने केला नाही. लोकांना समजेल आणि म्हणता येईल असं लिहायचं, एवढाच तिचा हिशेब.

लिहायची पद्धत मात्र थक्क करणारी होती. ब्रेल तिला फारसं जमलं नाही. गिटार वाजवून बोटं राठ झाली होती. ती गाणी डोक्यात रचायची, दुरुस्तही तिथेच करायची, आणि डझनभर साठली की कुणाला तरी बसवून सांगायची. रचताना हातात एक छोटं पुस्तक मिटून धरायची. वाचण्याचा प्रश्न नव्हता, पण त्याशिवाय सुचत नसे. ३० एप्रिल १८६८ ला सिनसिनाटीचे कारखानदार आणि हौशी संगीतकार विल्यम डोन तिच्याकडे आले. गाडीला चाळीस मिनिटं होती आणि एका चालीला शब्द हवे होते. तिने चाल ऐकली, आतल्या खोलीत गेली आणि अर्ध्या तासाच्या आत ‘सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस’ घेऊन बाहेर आली. येशूच्या कुशीत सुरक्षित, असा त्याचा अर्थ. तान्हं मूल गेलेल्या आयांना या गाण्याने फार आधार दिला. लिहिणारीच्या मुलाला जाऊन तेव्हा नऊच वर्षं झाली होती.

एकाच पुस्तकात एकाच बाईची इतकी गाणी दिसू नयेत म्हणून प्रकाशक तिला टोपणनावं द्यायचे. सुमारे दोनशे नावं झाली: ग्रेस फ्रान्सिस, एला डेल, लिझी एडवर्ड्स, हेन्रिएटा ब्लेअर, आणि चक्क रॉबर्ट ब्रूस हे पुरुषाचं नावसुद्धा. म्हणजे गाण्यावर पैसा नाही तो नाहीच, नावही नाही.

आता दुसरा शब्द, सुधारक.

न्यूयॉर्कच्या खालच्या टोकाला बाउरी नावाचा रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो दारूचे गुत्ते आणि रात्रीपुरती खाट भाड्याने देणारी घरं यांनी भरला होता. आसपास चाळी होत्या. अंधाऱ्या, दाटीवाटीच्या, बोटीने नुकत्याच उतरलेल्या स्थलांतरितांनी ठासून भरलेल्या. १८७३ च्या आर्थिक मंदीने बेकारांची आणखी भर घातली. या वस्त्यांत ‘रेस्क्यू मिशन’ नावाचा प्रकार सुरू झाला. जेरी मॅकॉले हा एके काळचा चोर. तो सिंग सिंगच्या तुरुंगातून बदलून बाहेर पडला आणि १८७२ मध्ये त्याने वॉटर स्ट्रीटवर पहिलं मिशन काढलं. १८७९ मध्ये बाउरी मिशन आलं.

तिथली संध्याकाळ अशी असे. रस्त्यावरचं दार उघडं. जो येईल त्याने आत येऊन बसावं, नशेत असला तरी. आधी गाणी, भरपूर गाणी. मग एखादा सुटलेला दारुडा उठून आपली हकीकत सांगणार. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींत याला ‘साक्ष देणं’ म्हणतात. थोडं प्रवचन. आणि शेवटी, ज्याला बदलायचंय त्याने पुढे यावं, त्याच्याशेजारी कुणीतरी बसून बोलणार.

त्या ‘कुणीतरी’मध्ये फॅनी असायची. साठाव्या वर्षी, म्हणजे १८८० च्या सुमारास, तिने उरलेलं आयुष्य मुख्यतः या कामाला द्यायचं ठरवलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे जात होती. राहायची त्याच भागातल्या साध्या खोल्यांत आणि आलेला पैसा जवळ टिकू द्यायची नाही. तिचं म्हणणं असं, की माणसाला त्याची पापं सांगून तो सुधारत नाही, ती त्याला माहीतच असतात. त्याला क्षमा आणि प्रेम वाट पाहत आहे एवढं सांगा. माझ्या मते ही ठिणगी तिच्या सगळ्या गाण्यांत आहे. दारूबंदीचा प्रचार करणारे तेव्हा ढीगभर होते, आणि त्यांतले बरेच दारुड्याकडे बोट दाखवून बोलायचे. ही त्याच्याशेजारी बाकावर बसायची. दिसत नसल्यामुळे समोरच्याचे कपडे, चेहरा, अवस्था तिच्या आणि त्याच्या मध्ये येत नसणार, असंही मला वाटतं.

गाणी आणि मिशन ही तिची दोन वेगळी कामं नव्हती. १८६८ मध्ये ती एका तुरुंगात बोलायला गेली. एक कैदी ओरडला, देवा, मला टाळून पुढे जाऊ नकोस. त्याचंच ‘पास मी नॉट’ झालं. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात बाउरीतल्या एका सभेत तिला राहून राहून वाटू लागलं, की इथे आईपासून तुटलेला एखादा मुलगा आहे. तिने तसं बोलून दाखवलं आणि सभेनंतर एक तरुण खरंच पुढे आला. त्या रात्री ‘रेस्क्यू द पेरिशिंग’ लिहिलं गेलं, बुडणाऱ्याला वाचवा अशा अर्थाचं, आणि ते अशा मिशनांचं ब्रीदगीतच होऊन बसलं. या हकीकती तिनेच पुढे सांगितलेल्या आहेत, सांगता सांगता थोड्या गोल झाल्या असतील. गाणी मात्र तिथल्याच माणसांच्या तोंडी बसली हे खरं.

‘ब्लेसेड अ‍ॅश्युरन्स’ची कुळकथा उलट्या टोकाची. १८७३ साली तिची मैत्रीण फीबी नॅप हिने एक चाल वाजवली आणि विचारलं, ही काय म्हणते? फीबीचा नवरा मोठ्या विमा कंपनीचा प्रमुख, घर श्रीमंती. चाल तीन-तीनच्या झोक्यात जाणारी, आपल्या दादऱ्याच्या अंगाची. फॅनीने ऐकून जागच्या जागी शब्द दिले. पालुपद म्हणतं: ही माझी गोष्ट, हे माझं गाणं. दिवाणखान्यात जन्मलेली ही ओळ बाउरीच्या बाकांवर गेली की तिचा अर्थ बदलतो. तिथे नुकतीच कुणीतरी खरोखरच आपली गोष्ट सांगितलेली असते. ती सांगायला ज्याच्याकडे शब्द नाहीत, त्याला निदान पालुपद तरी म्हणता येतं.

यानंतर दहा-पंधरा वर्षांनी, १८८६ ते १८८८ मध्ये, आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. १८८९ मध्ये मराठीत लिहिलेल्या प्रवासवृत्तात त्यांनी तिथल्या बायकांच्या संघटनांचं, दारूबंदीसाठी झटणाऱ्या मंडळींचं भरभरून वर्णन केलं. रमाबाईंनी त्यातून घेतलं ते संघटनेचं बळ. गाण्यांच्या बाबतीत मात्र पुढे नारायण वामन टिळकांनी वेगळी वाट काढली. पाश्चात्त्य चालींत बसवलेली भाषांतरं मराठी गळ्यात उपरी वाटतात, हे ओळखून त्यांनी ओवी-अभंगांच्या वळणाची ख्रिस्ती भजनं रचली, आणि मराठी चर्चमध्ये ती आजही ‘उपासना संगीत’ उघडून म्हटली जातात. ऐकणाऱ्याच्या तोंडात बसेल असं लिहायचं, या एका मुद्द्यावर मात्र टिळक आणि फॅनी यांचं जमलं असतं.

तिच्या सुधारकीच्या मर्यादाही आहेत. चाळीत माणसं अशी का राहतात, घरभाडं कोण ठरवतं, मजुरी इतकी कमी का, हे प्रश्न तिने विचारले नाहीत. ते जेकब रीससारख्या पत्रकाराने १८९० मध्ये छायाचित्रांसकट लोकांपुढे मांडले, आणि न्यूयॉर्कमध्ये चाळींचा नवा कायदा व्हायला १९०१ उजाडावं लागलं. फॅनीचं काम एकेका माणसाचं. दार उघडं ठेवणाऱ्यांची ती, वाडा पाडून नवा बांधणाऱ्यांची नव्हे. दोघांचीही गरज होती, असं म्हणून हा प्रश्न सोडवता येतो, पण मला तो सुटलेला वाटत नाही.

पैशांवरून शेवटी थोडी खळबळ झालीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल कार्लटन या कवीने तिची जीवनकथा छापली. तिच्या जाहिरातीतून ही बाई हलाखीत आहे असं चित्र उभं राहिलं, आणि बिग्लो अँड मेनची मंडळी दुखावली. ते तिला गाणी येवोत न येवोत आठवड्याला आठ डॉलर देत होते. तिचं म्हणणं, मला कुणी लुबाडलं नाही आणि मला काही कमी नाही. खरं सांगायचं तर आकडे पाहिल्यावर हे पटायला जड जातं. पण ज्या बाईने मिळालेलेही वाटून टाकले, तिच्या वतीने आपण किती भांडायचं?

१९०० मध्ये ती कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला सावत्र बहिणीकडे राहायला गेली आणि १२ फेब्रुवारी १९१५ ला, पंच्याण्णव पुरी व्हायला महिना-सव्वा महिना असताना, वारली. माझ्यावर संगमरवरी स्मारक उभारू नका, असं तिने बजावून ठेवलं होतं. छोटासा दगड बसवला, त्यावर ‘आंट फॅनी’ आणि बायबलातली एक ओळ: तिला जे करता आलं ते तिने केलं. १९५५ मध्ये लोकांना राहवलं नाही आणि त्यांनी शेजारी भला मोठा दगड उभा केलाच. त्याआधी, १९२५ मध्ये, तिच्या नावाने ब्रिजपोर्टला म्हाताऱ्यांसाठी एक घर उघडलं होतं. ती वास्तू पुढे तिथल्या रेस्क्यू मिशनकडे गेली.